पांढऱ्या कपड्यांची मुदत

एस्सवीरा, २४ मार्च २००२

लल्ला महजूबा,

तुमचा दमा आटोक्यात असू दे. चाळिसाव्याला पाठवलेली दुखवट्याची साखर पोचली. निम्मी मी वाटली, निम्मी मुंग्यांनी. बूजमाला जाऊन आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. मी आपली विधवेची इद्दत पाळते आहे. पांढरा पायघोळ जेलाबा, पांढरा रुमाल, पांढरे मोजे; काजळ नाही, मेंदी नाही. सकाळी कणकेचे गोळे घेऊन गल्लीतल्या भट्टीपर्यंत जाते आणि पाव घेऊन परत येते, बाकी घरातच असते. बूजमाच्या दुकानातलं थुयाचं लाकूड अजून तसंच आहे. वास जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. मागच्या आठवड्यात तुमचा धाकटा भाऊ मिलूद आला होता. मला वाटलं, दीर आहे, विचारपूस करायला आला असेल. सोबत कॅमेरावाला होता. मी गच्चीवर बूजमाचा कामाचा अंगरखा दोरीवरून काढत होते. मिलूद म्हणाला की आमच्या ‘नगर-वारसा व सागर-शोभा मंडळा’च्या दप्तरासाठी एक फोटो हवा आहे, जरा समुद्राकडे बघ. मी म्हटलं, समुद्राकडे काय बघायचं, तो रोज तिथेच असतो. कॅमेरावाल्याला ते फार आवडलं. त्याने अंगरखा माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला, कारण त्याला डाग होते. मग फोटो घेतला आणि दोघे निघून गेले. बूजमाचं नाव काही निघालं नाही.

विचारायचं ते एवढंच. काझीच्या कचेरीत सांगितलं त्याप्रमाणे या घरात माझी चौथाई, तुमची चौथाई आणि मिलूदचं अर्धं. मूलबाळ असतं तर वाटे वेगळे पडले असते, पण नाही ते नाही. मला या घरातून हलायचं नाही. एकतीस वर्षं इथे काढली, बूजमा याच घरात गेला. मिलूद घराविषयी तुमच्याशी काही बोलला आहे का?

अक्षर वाईट आहे ते चालवून घ्या. बूजमा लाकडाचे डबे ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळायचा त्यांच्या तुकड्यांवर मी वाचायला शिकले, म्हणून माझ्या पत्रातल्या बातम्याही मध्येच तुटतात.

तुमची भावजय,
तामू


कासाब्लांका, ५ एप्रिल

तामू, बाई,

तू झळकलीस आणि मला कळवलंही नाहीस! इथल्या मोठ्या बसस्थानकावर तुझा फोटो लागला आहे, दोन माणसांएवढा उंच. पांढऱ्या कपड्यांत तू, मागे निळा समुद्र, आणि खाली लिहिलंय, ‘एस्सवीरा : जिथे काळ तुमची वाट पाहतो’. मी वाचू शकत नाही, सुनेकडून वाचून घेतलं; हे पत्रही मी सांगते आणि तीच लिहिते. मग मी तिथेच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही आमची बूजमाची बायको. एका बाईचा विश्वास बसेना. मी तिला म्हटलं, नाक बघ, असं नाक एस्सवीरात एकच आहे.

तुला राग आला असेल, तर तो गिळ. अगं, लोक पैसे भरून फोटो काढून घेतात. मिलूदची मंडळात किती पत आहे ते यावरून दिसतं. लहानपणी त्याला बूट उलटसुलट घालायची सवय होती आणि आता तो मंडळाचा चिटणीस आहे.

घराचं काय घेऊन बसलीस? घर कुठे पळून चाललंय? मिलूद मार्चमध्ये इथे येऊन गेला. ताज्या सार्डिन आणल्या होत्या बिचाऱ्याने, एवढ्या लांबून बर्फात घालून. जेवला, दमा विचारला. काही कागद होते त्याच्याजवळ, कचेरीतला माणूसही सोबत होता, घाईत होते दोघं. बाकी काही नाही.

वेळच्या वेळी जेव. आणि पुढच्या वेळी फोटो काढतील तेव्हा थोडी हस.

महजूबा


एस्सवीरा, १९ एप्रिल

लल्ला महजूबा,

कसले कागद?

तुम्ही उत्तर लिहीपर्यंत इथलं ऐका. फोटो लागल्यापासून आमच्या गल्लीत गर्दी असते. पूर्वी लोक तटबंदीवरच्या तोफा बघून, भाजलेले मासे खाऊन, मांजरांचे फोटो काढून जायचे. आता यादीत तोफा, मासे, मांजरं आणि मी. वाटाडे दहा-दहा जणांना घेऊन दाराशी उभे करतात. हमीदा नावाचा वाटाड्या सांगतो की हिचा वाग्दत्त वर समुद्रावर गेला तो परतला नाही, म्हणून ही चाळीस वर्षं वाट बघते आहे. मी त्याला विचारलं, चाळीस वर्षांपूर्वी मी दहा वर्षांची होते, तेव्हा कसला रे वर? तो म्हणाला, काकी, फ्रेंच लोकांना आकडे मोठे आवडतात. दुसरा वाटाड्या मला जुन्या सरदाराच्या वंशातली करतो. तिसरा काहीच सांगत नाही, नुसता हळू बोलतो, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त बक्षिशी मिळते.

परवा एका गोऱ्या बाईने माझी बाही चिमटीत धरून कापड पाहिलं आणि असा जेलाबा कुठे मिळतो ते विचारलं. हमीदाने भाषांतर केलं. मी म्हटलं, तिला सांग, नवरा मेला की मिळतो. त्याने तिला काय सांगितलं कोण जाणे, तिने खूश होऊन मला हात जोडले.

आपल्या गावच्या बाया पूर्वी लोकरीचा पांढरा हायक अंगभर गुंडाळायच्या, एका डोळ्यापुरती फट ठेवून. तो पांढरा वेगळा आणि हा पांढरा वेगळा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मंडळाला कळत नाही. किंवा कळतं, पण हायकात चेहरा दिसत नाही ही अडचण आहे.

आता मुख्य गोष्ट. सोमवारी मिलूदने बूजमाने कोरलेल्या दारावर पितळी पाटी ठोकली, ‘पांढऱ्या स्त्रीचे घर’. चार खिळे, आणि चारही नक्षीतल्या ताऱ्यांवर. मग मला मंडळाचं पत्र दिलं. मी ते दोनदा वाचलं. मंडळ मला ‘जिवंत वारसा’ मानतं. मी सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा, शुभ्र पारंपरिक वेशात दाराशी बसावं, म्हणजे घर विकलं जाणार नाही. ‘मुदत’ या शब्दापुढे लिहिलंय, ‘कायम’.

माझी इद्दत चार महिने दहा दिवसांची आहे, लल्ला. बारा जूनला ती संपते. देवाने विधवेला मुदत घालून दिली आहे, आणि मंडळाने ती काढून टाकली.

कसले कागद होते ते लिहा.

तामू


कासाब्लांका, ८ मे

तामू,

पत्राला उशीर झाला. दम्याने झोपवलं होतं. तसंच म्हण.

मी अंगठा दिला. मिलूद म्हणाला, गच्चीचं छप्पर गळतंय, दुरुस्तीसाठी तिघांची संमती लागते. आता सुनेने नक्कल वाचून दाखवली. छपराचं त्यात एकदाच आलंय, आणि तेही ‘छपरासह संपूर्ण वास्तू’ असं. माझ्या वाट्याचं जे काही करायचं ते मिलूद करू शकतो, विकायचंसुद्धा.

पण तू तरी एवढी का पेटलीस? दाराशी बसायचं तर म्हणतोय. आपल्या गावच्या कुठल्या बाईने दाराशी बसून आयुष्य काढलं नाही? मी काढलं. मला कोणी घर दिलं नाही त्याबद्दल. पांढरं तर पांढरं. मेल्याला कपड्यांचं काय?

आणि असं लिहू नकोस की फक्त तुझंच कोणी गेलंय. भाऊ माझाही गेला. पण माझ्याकडे आता एकच भाऊ उरलाय, आणि तो मिलूद आहे. तो कसा आहे ते मला तू सांगायला नको, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय.

महजूबा


एस्सवीरा, २ जून

लल्ला महजूबा,

तुमचा भाऊ गेला हे मी विसरले नाही. तुम्ही दुखवट्याच्या मांडवात आचाऱ्यांवर ओरडत होता तेव्हाही मला दिसत होतं की तुम्ही रडायचं पुढे ढकलताय.

काल मिलूद आला. पर्यटन हंगामाचं उद्‌घाटन पंधरा जूनला आहे, राजधानी राबातहून मोठे पाहुणे यायचे आहेत. तो फार गोड बोलला. म्हणाला, वहिनी, इद्दत बाराला संपते ना, मग पंधरापर्यंत घाल. तीनच दिवसांचा प्रश्न आहे.

मी म्हटलं, “मिलूद, तीन दिवस कोणासाठी घालू? बूजमासाठीचे दिवस मी पूर्ण घातले. हे तीन दिवस कोणाच्या नावाचे? तुझ्या?”

त्याचा चेहरा उतरला. जिवंत माणसासाठी पांढरं घातलं तर त्याचं काय होतं, ते आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही. मग त्याने गोडवा खिशात घातला. बाराला कपडे बदलले तर महिनाअखेर घर विकणार. फ्रान्समधल्या ल्यॉंचा एक माणूस तयार आहे, त्याला पाहुण्यांसाठी सात खोल्या काढायच्या आहेत. मी म्हटलं, माझी चौथाई आहे. तो म्हणाला, असू दे की, बहिणीचा कागद माझ्याकडे आहे, पाऊण घर माझ्या हातात. तुझी चौथाई म्हणजे दुकान आणि मोरी. त्यात बस.

लल्ला, तुमची चौथाई माझ्या बाजूला आली तर अर्धं घर होतं, आणि अर्ध्या घरात कोणी पाहुण्यांच्या खोल्या काढत नाही. अंगठा दिलेला कागद अंगठा देऊनच मागे घेता येतो, मी कचेरीत विचारून आले. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागते.

तामू


कासाब्लांका, ९ जून

तामू,

मिलूदचा फोन आला होता. रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. म्हणाला, माझी इज्जत पंधरा तारखेवर टांगली आहे.

तीन दिवस घाल ना बाई. कागदाचं मग बघू.

महजूबा


एस्सवीरा, १७ जून

लल्ला महजूबा,

बुधवारी, बारा तारखेला, मी हमामखान्यात गेले. भट्टीवाल्याच्या बायकोने पाठ घासून दिली आणि पांढरे कपडे गरिबाला देण्यासाठी बांधून घेतले. मी जर्दाळू रंगाचा जेलाबा घालून बाहेर आले. तो बूजमाला आवडायचा असं काही नाही. त्याला रंग कळायचे नाहीत, लाकूड सोडून.

मिलूदचा नाइलाज झाला. मग त्याने जे केलं ते तुम्हाला तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

त्याने शिंप्याला फोटो दाखवला आणि तसेच बारा पोशाख शिवून घेतले. जेलाबा, रुमाल, मोज्यांसकट. मंडळाच्या सभासदांच्या सुना आणि गालिच्याच्या दुकानातल्या मुली मिळून बारा जणी जमवल्या. शनिवारी सकाळी त्यांना बंदराच्या बुरुजावर ओळीने उभं केलं आणि बजावलं, समुद्राकडे बघा, चेहरे उदास ठेवा आणि कोणाशी एक शब्द बोलू नका.

शुक्रवारपासून वारा सुटला होता. तीन बोटी पहाटेच परतायला हव्या होत्या, त्या आल्या नव्हत्या. कोळ्यांच्या बायका नेहमीसारख्या टोपल्या घेऊन बंदरावर आल्या. वर बघतात तर बुरुजावर बारा विधवा.

नाखवा ओमरची बायको फादमा वर धावली. तिने पहिल्या मुलीचे खांदे धरून विचारलं, कोण गेलं? मुलीला बोलायची बंदी. तिने आणखी उदास चेहरा केला. फादमाने तिथेच मांड्या बडवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात गाव बंदरावर होतं. मासे भाजणाऱ्यांनी चुली विझवल्या. वाण्यांकडचे साखरेचे सुळके संपले. निळ्या कागदातले सुळके काखेत घेऊन लोक येत होते, आणि कोणाच्या घरी जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्यात राबातचे पाहुणे आले. साखर घेतलेल्या गर्दीत त्यांची गाडी अडकली. ते उतरले, वर बघितलं, चष्मा काढला आणि दोन्ही तळवे उघडून गेलेल्यांसाठी फातिहा म्हणायला लागले. सगळ्या मंडळाला तळवे उघडावे लागले. मिलूदच्या एका हातात फीत कापायची कात्री होती, ती त्याला कुठे ठेवावी कळेना. वाजंत्र्यांनी ढोल खाली ठेवले. परदेशी पाहुण्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. फातिहा संपली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तिन्ही बोटी आल्या, माशांनी भरलेल्या. बोटीवरच्या माणसांनी बुरुजावर बारा विधवा पाहिल्या आणि आपण सगळे आहोत ना ते मोजायला लागले. फादमाने ओमरला किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या थोबाडीत दिली. जिवंत परत आल्याबद्दल.

राबातच्या पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, मग गेलं कोण? शेकडो माणसं कान देऊन उभी. ‘कोणी नाही’ म्हणावं तर मोठ्या माणसाकडून जिवंतांसाठी फातिहा म्हणवून घेतली असं झालं. मिलूद म्हणाला, “माझा भाऊ, साहेब. सुतार बूजमा.”

पाहुण्यांनी बायका मोजल्या. म्हणाले, शरियत तर चारवर थांबते. मग विचारलं, यातली बायको कोणती?

लोकांनी मला पुढे ढकललं. मी म्हटलं, “मी त्याची बायको. माझी इद्दत बुधवारी संपली. या बाराजणी कोणाच्या, ते चिटणिसांना विचारा. त्यांनीच उभ्या केल्यात.”

गाव अजून हसतं आहे. मला हसू आलं नाही, लल्ला. चार महिन्यांत मिलूदच्या तोंडून बूजमाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही अडकला म्हणून.

त्याच संध्याकाळी मिलूद दाराशी येऊन सांगून गेला की आता तर महिनाअखेरचीही वाट बघणार नाही, ल्यॉंच्या माणसाला बोलावलं आहे. मी बूजमाची पटाशी, रंधे, करवती पोत्यात बांधायला घेतल्या आहेत. तुम्ही उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नका. तुमचं उत्तर मार्चमध्येच दिलेलं आहे, अंगठ्याने.

तामू


कासाब्लांका, २४ जून

तामू,

पोती सोड.

तुझं पत्र यायच्या आधीच बातमी इथे पोचली होती. रविवारी सकाळी दारावर थाप. आमच्या गल्लीतल्या सहा बायका, काखेत साखर. त्यांना कोणीतरी सांगितलं की एस्सवीराला महजूबाचा भाऊ गेला, बंदरावर गाव लोटलं, राबातहून माणसं आली होती. मी म्हणणार होते की अगं बायांनो, त्याला चार महिने झाले. पण त्या बसल्या, एकीने माझा हात धरला आणि विचारलं, कसा होता गं तुझा भाऊ?

मी सांगायला लागले. आई बाहेर गेली की मिलूदला मी कडेवर घ्यायची आणि बूजमा माझं झाडणं-पुसणं करून टाकायचा, आणि आईला सांगायचा की महजूबाने केलं. मातीत मी ओरडत होते, मांडवात ओरडत होते, चाळिसाव्याला साखर पाठवून मोकळी झाले. रविवारी दुपारपर्यंत रडले. दमा उसळला, पंप घेतला, पुन्हा रडले. त्या बायका जेवून गेल्या.

सोमवारी सुनेला घेऊन कचेरीत गेले. लेखनिक म्हणाला, भावाला दिलेला अधिकार काढून घेताय, नीट विचार केलात का? मी म्हटलं, दिला तेव्हा तुम्ही हे विचारायला हवं होतं. दहाच्या दहा बोटं उठवायची माझी तयारी होती. त्याला एकच पुरलं. कागद सोबत पाठवते, मिलूदलाही एक धाडला आहे. सार्डिनचा डबाही परत केलाय, धुऊन.

तो माझा भाऊ आहे आणि राहील. येईल तेव्हा जेवेल. पण बूजमाच्या घरात मी त्याला मालक म्हणून उभं करणार नाही, आणि तुला शोभेची बाई म्हणून बसू देणार नाही. पाटी काढ. खिळे उपटताना लाकूड फाटू देऊ नकोस, तेल लाव आधी.

पुढच्या आठवड्यात मी येते, उन्हाळाभर राहायला. सून म्हणते समुद्राची हवा दम्याला वाईट. मी तिला म्हटलं, वाईट तर वाईट, हवा माझ्या चौथाईतली आहे. मला खालची खोली दे, आणि दाराशी दोन खुर्च्या ठेव. दहा ते बारा बसू, किंवा नाही बसू, वाटेल ते घालून.

ल्यॉंचा माणूस आलाच तर त्याच्याशी भांडू नकोस, चहा दे. मिलूदचं अर्धं त्याला हवं असेल तर खुशाल घेऊ दे म्हणावं, वरचा मजला त्याचा. फक्त जिना आपल्या अर्ध्यात येतो.

महजूबा